नावाआधीचा फोन

वसंतअण्णा गेले, हे त्यांच्या पत्नीनं, सुमनवहिनींनी, मला फोन करून सांगितलं. त्याला आता महिना होत आला. बंगळुरातल्या चामराजपेटेत त्यांच्या घराकडे रिक्षानं जाताना मला सारखं आमचं चॅनल आठवत होतं... ते तर केव्हाच गेलं होतं.

बंगळुरात कन्नड बातम्यांचं ते चॅनल निघालं तेव्हा अण्णा संपादक होते आणि मी निपाणीहून नुकतीच आलेली वार्ताहर. कुणाच्याही मृत्यूची बातमी घरच्यांना कळल्याची खात्री झाल्याशिवाय नाव दाखवायचं नाही, हा अण्णांचा नियम. फोन ते स्वतः लावत. पलीकडचं रडणं ऐकत, "सरी अम्मा, सरी..." – बरं आई, बरं – म्हणत उभे राहत. तोवर बाकीची चॅनलं नाव सांगून मोकळी झालेली असत. पाठीमागे आम्ही त्यांना 'चौकशी खिडकी' म्हणायचो. पण लोक आमच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत, आणि काही वर्षं आमची चांगलीच चलती होती.

मग मालक बदलले. नव्यांना घाई फार. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्फोट झाला त्या दिवशी अण्णा फोन लावत असतानाच वरून हुकूम आला आणि मेलेल्या कामगाराचं नाव पडद्यावर झळकलं. त्याची आई, शांताक्का, मूळची आमच्या निपाणीकडचीच, घरी टीव्हीसमोर भाजी निवडत बसली होती. अण्णांनी राजीनामा दिला, तिच्या घरी गेले, आपला नियम सांगून तो मोडल्याची माफी मागितली. चॅनलनं साधी दिलगिरीही व्यक्त केली नाही. पुढे नुसता आरडाओरडा उरला, प्रेक्षक आटले, आणि एका दुपारी पडदा काळा झाला. मला वाईट वाटलं, नवल वाटलं नाही.

अण्णा मात्र दर रविवारी शांताक्काकडे जात राहिले. काय बोलत असतील दोघं, मी कधी विचारलं नाही.

अंत्यविधी उरकल्यावर वहिनी म्हणाल्या, "शांताक्काला कुणी सांगितलं का गं? फोनवर नको. तूच जा."

शांताक्काचं दार उघडंच होतं. "मी अण्णांच्या ऑफिसातली," एवढंच मी म्हणाले. तिला कळलं. मग माझा हात घट्ट धरून ती म्हणाली, "घरच्यांस्नी इचारलंस नव्हं, बाई? घरचं मानूस बोललं तुझ्यासंगं?"

"हो," मी म्हटलं. "वहिनीच बोलल्या."

तेव्हा कुठं ती रडली.