काळ्या मातीसाठी खुर्ची निवडताना

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि पेनाचे टोक एका जागी टेकवले. बरगड्या संपतात त्या उंचीवर, पाठीच्या कण्यातील करड्या पट्ट्यात एक पांढुरका डाग होता.

"ट्रान्सव्हर्स मायलायटिस," ते म्हणाले. मज्जारज्जूला आडवी सूज. मेंदूचा निरोप त्या जागेपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो.

मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून नोकरी केली. मुख्य पाट फुटला की खालच्या चाऱ्या कोरड्या पडतात, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मी एवढेच विचारले की पाट दुरुस्त होतो का. डॉक्टर म्हणाले, "काहींचा होतो. तुमचा होईल असे मी आज म्हणणार नाही."

हा रोग ज्यांच्या घरी आला आहे किंवा ज्यांना खुर्चीवर बसून घराबाहेर पडायचे आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. बाकीच्यांनी वाचले तरी हरकत नाही.

आरंभ साधा होता. पोटाभोवती कोणी करदोडा आवळावा तसा एक पट्टा जाणवू लागला. मी गॅसेसची गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी गावी शेताकडे चालत असताना डाव्या पायातील चप्पल मागे राहिली आणि मला ते कळले नाही. माझा चुलत भाऊ हिरामण मागून येत होता. त्याने ती उचलून आणली.

"आबा, चप्पल दान करी दिधी का?" तो म्हणाला.

मी पायाकडे पाहिले. पाय जमिनीवर होता, परंतु जमीन पायाला लागत नव्हती. संध्याकाळी धुळ्याला दवाखान्यात पोहोचलो तेव्हा मला दोघांनी धरून उतरवले.

तपासण्या झाल्या. लंबर पंक्चर, म्हणजे कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूभोवतीचे पाणी काढणे, हे ऐकायला भयंकर आणि सोसायला साधे असते. सलाईनमधून स्टेरॉइड दिले. लघवीसाठी नळी घातली. पत्नी बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसत असे. प्रत्येक फेरीला डॉक्टर तळपायावर किल्ली ओढत आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत. मी चेहरा स्थिर ठेवत असे, कारण सांगण्यासारखे काही नव्हते.

घरी सोडताना ते म्हणाले, "व्यायाम सोडू नका. काही महिने वाट पाहू. पाय आले नाहीत, तर खुर्चीशी भांडू नका."

पाय आले नाहीत.

आमचे घर धुळ्यातच, देवपूर भागात आहे. पांझरा नदीला पूर येतो, म्हणून बांधताना जोते मीच उंच घेतले होते. पूर त्या जोत्यापर्यंत कधी आला नाही. त्या जोत्याच्या पायऱ्यांनी आता मला आत ठेवले. पलंगावरून खिडकी दिसे आणि खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत. त्या भिंतीचा गिलावा निकृष्ट आहे, हे मला पूर्वी ठाऊक नव्हते.

बाहेर पडायचे म्हणजे उचलले जाणे. एकाने बगलेत हात घालायचे, दुसऱ्याने गुडघ्यांखाली. उचलणारे एकमेकांशी बोलतात. धरलं का, सांभाळ, उंबरा आला. उचललेल्या माणसाशी कोणी बोलत नाही. तांदळाच्या पोत्याशी तरी कोण बोलते?

पुढे मुलाने बाजूच्या भिंतीलगत वळणाचा उतार बांधून दिला. रुग्णालयाच्या पद्धतीची खुर्ची रस्त्यावर आली. तिची पुढची चाके चहाच्या बशीएवढी. पहिल्याच खडीत ती अडली आणि मी पुढे झुकलो. शहरात एवढीच मजल. गाव तर दूरच होते.

गावाबद्दल थोडे सांगणे भाग आहे. आमच्याकडे नदीवर जुना दगडी बंधारा आहे. त्यातून पाट निघतो आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली आहे. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी ठरलेल्या पाळीने घ्यायचे. पावसाळा सरला की पाट साफ केला जातो. प्रत्येक घराने एक माणूस द्यायचा. त्या दिवशी सगळे शेतापासून बंधाऱ्यापर्यंत पाटाच्या कडेने जातात आणि कोठे काय दुरुस्त करायचे, ते बंधाऱ्यावरच ठरते. जो बंधाऱ्यापर्यंत गेला, त्यानेच बोलायचे. जो गेला नाही, त्याला पाणी मिळते. त्याचे मत कोणी विचारत नाही. नोकरीत असतानाही मी रजा घेऊन तो दिवस पाळत आलो होतो.

माझी शेती हिरामण पाहतो. तो म्हणाला, "तुमनाबद्दल मी गडी दिसू. तुम्ही घर बसा."

माझ्या जागी गडी पाठवण्यात त्याचा हेतू चांगला होता. मी त्याच दिवशी ठरवले की खडबडीत जमिनीवर चालणारी खुर्ची घ्यायची आणि बंधाऱ्यापर्यंत कोणाच्याही हाताशिवाय जायचे.

नाशिकला पुनर्वसन विभागात एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी विचारले, "कुठे जायचे आहे?"

"शेतात."

"कोणत्या जमिनीवर? कोणत्या महिन्यात?"

मी म्हणालो, "जमिनीबद्दल मला सांगू नका. माझा जन्म त्यात गेला."

"सांगत नाही. विचारते आहे," त्या म्हणाल्या. मी खुर्च्यांचे माहितीपत्रक उघडले.

अशा खुर्च्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिली हाताने चालवायची. तिची चाके रुंद असतात किंवा दांडे पुढेमागे ओढून ती चालवतात. दुसरी विजेवर चालणारी. ती जड असते आणि हाताशी असलेल्या लहान दांडीने वळते. तिसरी मुख्यतः इतरांनी ओढण्यासाठी केलेली. तिसरीचे चित्र मी पाहिलेसुद्धा नाही. मी दुसरी निवडली. चार मोठी चाके, खोल खाचांचे टायर, वर मडगार्ड. ज्या चाकावर ट्रॅक्टर चालतो, त्यावर मी चालेन, हा माझा हिशेब.

खुर्ची वैशाखात आली. हिरामणच्या खळ्यात ती उतरवली तेव्हा माणसे तिच्याभोवती बैलबाजारात फिरावी तशी फिरली. एकाने टायर दाबला, एकाने मागून ढकलून पाहिले. शेजारच्या अक्कांनी कुंकू लावून नारळ फोडला.

हिरामण म्हणाला, "आबा, दात देखी लिधात का हिना?"

"नवीन आहे."

"लाथ ते नही मारत ना?"

मी खुर्ची वावरात घातली. भेगाळलेल्या, दगडासारख्या जमिनीवरून ती सरळ गेली. बांध चढली. माणसांनी माना डोलावल्या. पत्नीने एकच प्रश्न विचारला, "हिला उचलायला किती माणसं लागतील?"

"उचलायची नाही, म्हणूनच घेतली," मी म्हणालो.

काळी जमीन वैशाखात पारखू नये, हे आमच्याकडे नव्या जावयालाही सांगतात. विकणारा ती उन्हाळ्यात दाखवतो, घेणाऱ्याने ती पावसाळ्यात पाहावी. मला हे सांगण्याचे धाडस त्या दिवशी कोणी केले नाही. मी ऐकलेही नसते.

पाट सफाईचा दिवस आश्विनात आला. अनेक दिवस उघडीप होती. कडेच्या वाटेवर मातीचा वाळलेला पापुद्रा धरला होता. हिरामण म्हणाला, "संगे चाला." मी म्हणालो, मी मागून येतो. मंडळी पुढे गेली आणि दिसेनाशी झाली.

पाटावरची पहिली मोरी ओलांडली. त्यानंतर शेजारच्या फडाला नुकतेच पाणी दिलेले होते. चाकाने पापुद्रा फोडला आणि आतली ओली माती वर आली. ती खाचांत बसली. मातीला माती चिकटली. चाक जाड होत गेले आणि मडगार्डपर्यंतची फट भरली. मोटर थोडा वेळ घुमली. मग तांबडा दिवा लागला आणि आवाज बंद झाला.

मी चाकापर्यंत वाकू शकत नव्हतो. कमरेखाली तोल नाही. एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला कपाशी. काठीने माती खरवडण्याचा प्रयत्न केला, ती काठीला लागली. ऊन चढले. समोर एक बगळा पाटात उभा होता. कंटाळा आला तेव्हा तो उडून गेला.

फोन खिशात होता. मी तो काढला नाही.

मंडळी परतली तेव्हा दुपार कलली होती. बंधाऱ्यावरचे निर्णय झालेले होते.

"आठे का थांबनात, आबा?" हिरामणने विचारले.

"विश्रांती."

त्याने वाकून पाहिले. "चाक ते गाभण दिखाई ऱ्हायनं."

सहा-सात जणांनी खुर्ची हलवून पाहिली. ती हलली नाही. अखेर कोणाच्या तरी खोपीतून खाट आणली. मला तिच्यावर आडवे केले आणि चौघांनी खांद्यावर घेतले. कपाशीतल्या बाया काम थांबवून पाहू लागल्या. हिरामण पुढे चालत त्यांना सांगत होता, "रडू नका कोन्ही, आबा जित्ता शे."

खांदेकरी हसले, खाट हलली. मी डोळ्यांवर टोपी घेतली. खुर्ची दुसऱ्या दिवशी बैलांनी ओढून काढली.

एवढ्यावर भागले नाही. त्या बसण्यात घाम, उष्णता आणि सततचा दाब यांमुळे पार्श्वभागावर प्रेशर सोअर झाला. प्रेशर सोअर म्हणजे दाबामुळे रक्तपुरवठा तुटून पडलेली जखम. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "जाणीव नाही म्हणून दुखत नाही. दुखत नाही म्हणून कळत नाही. अंग उचलून दाब काढत राहा, हे सांगितले होते ना?" सांगितले होते. बंधाऱ्याच्या विचारात ते माझ्या लक्षात राहिले नाही.

जखम भरेपर्यंत पालथे झोपण्याची शिक्षा झाली. आता शेजाऱ्यांची भिंतही दिसत नव्हती. उशीची कड आणि फरशीचा सांधा, एवढेच जग. पत्नी जखम धुवायची, पट्टी बदलायची. एके दिवशी पाठीमागून तिचा आवाज आला.

"फोन चालू होता ना?"

"होता."

"मग?"

ती म्हणाली, "खुर्ची जड म्हणतात सगळे. मला तर तुमचा फोन जड दिसतो." पट्टी चिकटवून ती स्वयंपाकघरात गेली. त्या आठवड्यांत मला फार विचार करावा लागला, कारण दुसरे काही करता येत नव्हते.

जखम भरल्यावर पुन्हा नाशिकला गेलो. बाईंनी काही विचारण्यापूर्वीच मी म्हणालो, "काळी जमीन. आश्विन महिना. वरून वाळलेली, आतून ओली."

"आता निवडता येईल," त्या म्हणाल्या. "सोबत कोण असेल?"

"हा प्रश्न खुर्चीचा आहे का?"

"पहिला तोच आहे."

दुसरी खुर्ची हलकी आहे. मागची दोन चाके रुंद, कमी हवेची, जवळजवळ गुळगुळीत. माती धरत नाहीत, धरली तरी सोडतात. मडगार्ड नाही. पुढे एकच मोठे चाक, बरेच लांब, त्यामुळे ती नाकावर पडत नाही. कोरड्या वाटेवर मी दांड्यांनी ती स्वतः चालवतो. पुढे दोर बांधण्यासाठी दोन कड्या आहेत. पूर्वी त्या कड्या पाहून मी ती खुर्ची नाकारली असती.

जड खुर्चीही मी टाकलेली नाही. मुरमाच्या आणि डांबरी रस्त्यावर ती उत्तम चालते. दोष तिचा नव्हता.

तुम्हाला निवड करायची असेल तर ज्या वाटेने जायचे, त्या वाटेवर आणि तिच्या सर्वांत वाईट महिन्यात खुर्ची चालवून पाहा. दुकानाच्या फरशीवर कोणतीही खुर्ची चालते. चाक आणि चौकट यांत हाताचा पंजा जाईल एवढी फट हवी. बैठकीची गादी खुर्चीइतकीच काळजीने निवडा, आणि दाब काढण्याची आठवण मनगटावरच्या घड्याळात लावून ठेवा. एकट्याने अडकलात तर काय कराल, हे निघण्यापूर्वी ठरवा. फोन काढणे हे त्याचे उत्तर असेल, तर तो काढा.

पुढच्या आश्विनात मी मंडळींसोबत निघालो. पहिल्या मोरीनंतर ओल लागली. मी थांबलो. बाकीचेही थांबले, परंतु कोणी पुढे आले नाही. माझा स्वभाव त्यांना ठाऊक आहे.

"ओढा," मी म्हणालो.

हिरामणने दोर खांद्यावर घेतला. "आजलोंग लोकेस्ले कामले जुपं. आते तुम्ही हाका."

ते ओढत होते, मी दांड्यांवर जोर देत होतो आणि ठरलेल्या वेळी अंग उचलत होतो. एका ठिकाणी पाटाची कड खचली होती. मी ती दाखवली, कोणी तरी तिथे दगड ठेवला. वाट संपली. मग दगडी पायऱ्या आल्या. बंधाऱ्याचा माथा त्या पायऱ्यांवर आहे. त्यांवरून कोणतीही खुर्ची जात नाही, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. मी त्याबद्दल कोणाशी बोललो नव्हतो. स्वतःशीही नाही.

हिरामण खाली बसून तंबाखू मळू लागला. मंडळी पायऱ्यांवर रेंगाळली. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आम्ही वर जाई येतस. मग सांगतस तुम्हले काय ठरनं ते."

पाण्याचा आवाज वरून येत होता. त्या आवाजात एक बारीक, वेगळा सूर होता. सांध्यातून पाणी गळते तेव्हा तो येतो.

"हिरामण," मी म्हणालो, "तंबाखू टाक. मला उचल."

त्याने मागून बगलेत हात घातले, दुसऱ्याने गुडघ्यांखाली. या वेळी बोलणारा मी होतो. डावा पाय आधी, खालची पायरी सुटी आहे, घाई नको. त्यांनी ऐकले. मला माथ्यावर गादी ठेवून बसवले.

उत्तरेकडच्या सांध्यातून गळती होती. मी ती बोटाने दाखवली आणि चुना किती लागेल ते सांगितले. एकाने हरकत घेतली. मी त्याला उत्तर दिले. त्याने पुन्हा हरकत घेतली. असा वाद माझ्याशी फार दिवसांनी कोणी घातला होता. त्याबद्दल मी त्या सर्वांचा आभारी आहे.