स्टोव्हच्या नळीत अडकलेली भाकरी

माझ्या चिमट्यात अर्धी भाकरी होती. उरलेली अर्धी स्टोव्हच्या नळीत अडकली होती. धुराला वर जायला वाट राहिली नाही, म्हणून तो खाली आमच्याकडे आला. टेंटची झिप बंद होती आणि झिपमध्ये माझा पदर सापडला होता.

आत आम्ही तिघे. मी, माझा साहेब नीलेश आणि वानखडे गुरुजी.

"मावशी, पदर सोडा," नीलेश खोकत म्हणाला.

"मी कुठं धरला त्याले? तुह्या झिपनं धरला."

"आडवे व्हा," गुरुजी म्हणाले. "धूर वर असतो. जमिनीजवळ हवा असते." असं म्हणून ते आडवे झाले. ते जिथे आडवे झाले तिथे पिठाची परात होती.

नीलेशने झिप ओढली. हलली नाही. त्याने टेंटची खालची कड उचलून पाहिली. तीही हलली नाही, कारण बर्फाळ वारा आत शिरू नये म्हणून सकाळी त्यानेच तिच्यावर फावड्याने माती लोटली होती. बाहेर ऊन होतं. आमच्या पिंपळगाव राजा गावाच्या शिवारात बर्फ पडत नाही.

नीलेश ट्रेकिंगचे ग्रुप नेतो. त्याचं ऑफिस खामगावला आहे. मी त्याच्या कॅम्पवर स्वयंपाक करते. माझं शिक्षण चौथी. डाळ शिजायला तेवढं पुरतं. आजवर आमचे कॅम्प गाडी जाईल तिथेच असायचे. गाडीत गॅस सिलिंडर, मागे भांडी, पुढे मी.

या वेळी रिटायर झालेल्या शिक्षकांचा ग्रुप हिमाचलला जायचा होता. बर्फात चालायचं, रोज जागा बदलायची, सामान पाठीवर न्यायचं. सिलिंडर पाठीवर कोण घेणार? नीलेशने तयार जेवणाची पाकिटं आणली. गरम पाणी ओतायचं की भात तयार.

"मंग मी काय करू?" मी विचारलं.

"तुम्ही या टूरला आराम करा, मावशी."

आराम म्हणजे काम नाही, हे मला कळतं. एका टूरला पाकिटं चालली की पुढच्या टूरलाही पाकिटंच येतात. मग स्वयंपाकीण घरी बसते ती बसतेच. मला बर्फ पाहायची हौस नव्हती. मला माझी जागा पाहिजे होती.

मला वाचवलं ते गुरुजींनी. ते त्या ग्रुपमधले सगळ्यात वडील. ते नीलेशला म्हणाले, "पाकीट खायला मी हिमाचलला कशाला जाऊ? ते इथे पलंगावर बसून खाईन. मला भाकरी पाहिजे."

नीलेशने डोकं खाजवलं आणि मला अट घातली. पाठीवर नेता येईल असा लाकडाचा स्टोव्ह शोधायचा. टेंटच्या आत बसून त्यावर चहा आणि भाकरी झाली पाहिजे, आणि धूर व्हायला नको. झालं तर मी टूरला. नाही झालं तर पाकिटं.

टेंटमधला स्टोव्ह म्हणजे पायांवर उभी असलेली पत्र्याची छोटी पेटी. पुढे दार, आत जाळ, वर तवा ठेवायला जागा. मागच्या बाजूने धुराची नळी निघते आणि टेंटच्या कापडातल्या भोकातून बाहेर जाते. त्या भोकाला न जळणाऱ्या कापडाची झालर असते. लाकूड वाटेत मिळतं, ते न्यावं लागत नाही. पेटी मात्र न्यावीच लागते. म्हणून सगळी भांडणं वजनाची.

ट्रायलला तीन स्टोव्ह होते. जागा गुरुजींच्या शेतात. कापूस वेचून झाला होता, बांधाला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा, ढीग होता, म्हणजे जळणाची काळजी नव्हती. गुरुजींच्या बायको कमलबाई विळा घेऊन बांधावर बकरीसाठी गवत कापत होत्या. त्यांचा या टूरला पहिल्यापासून विरोध होता.

"काऊन बे नीलेश," त्या म्हणाल्या, "भर उन्हात टेंटमंदी शेगडी पेटवून राह्यला. अंडे उबवतं का?"

"काकू, ट्रायल आहे."

"मंग बाहीर बसून कर ना."

"तिथे बाहेर बर्फ असेल."

"इथं कुठं हाय?" कमलबाईंनी विचारलं आणि परत गवताला लागल्या.

पहिला स्टोव्ह माझा. मी तो तेलाच्या डब्यापासून पत्रेवाल्याकडून करून घेतला होता. वजनाला काहीच नाही. नशीब, तो आधी उघड्यावर पेटवला. जाळ धरल्याबरोबर जोडांवरचा डाख, म्हणजे दोन पत्रे चिकटवायला ओततात तो रस, वितळला. डब्याचं बूड सुटून खाली पडलं आणि त्याच्यासोबत विस्तव.

"मावशी, हा रिजेक्ट," नीलेश म्हणाला.

"दिसून राह्यलं मले."

दुसरा जाड स्टीलचा. त्याला पुढे काच. त्याच्यावर तवा मस्त तापला, मला तोच आवडला. गुरुजींनी तो पाठीला बांधला, बांधापर्यंत गेले, तिथून परत आले आणि खाली बसले.

"याला मी नेईन," ते म्हणाले, "पण मला कोण नेईल?"

तोही रिजेक्ट.

तिसरा टायटॅनियमचा. हा धातू स्टीलसारखा मजबूत, पण वजनाला निम्म्याच्या जवळपास. त्याचे पत्रे घडी घालून पिशवीत बसत होते. नळी चटईसारखी गुंडाळलेली होती. इतका हलका की मी पिशवीत हात घालून पाहिलं, काही राहिलं का म्हणून. जोडायला वेळ लागला. नीलेशने एक पाय उलटा लावला, मी दार उलटं लावलं. पेटल्यावर मात्र तो पटकन तापला. खोड एकच, पातळ पत्र्यात ऊब टिकत नाही. पऱ्हाट्या घातल्या की कागदासारख्या जळून जातात. मग मी बाभळीच्या छिलप्या घातल्या, तेव्हा कुठे निखारे धरले. चहा झाला. धूर नाही.

"आता झिप बंद करून भाकरी," नीलेश म्हणाला. "फायनल ट्रायल."

"वरची खिडकी उघडी ठेव," गुरुजी म्हणाले. ते विज्ञान शिकवायचे. "जळताना एक वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर डोळ्याला कळतो, तो कळत नाही. बसल्या जागी माणूस जातो."

"गुरुजी, थोड्या वेळाचं काम आहे. पूर्ण बंद टेंटमध्ये काय होतं ते पाहू."

खिडकी बंद राहिली. झिप मी ओढली. तेव्हाच पदर सापडला असणार, पण माझं लक्ष तव्याकडे होतं.

भाकरी मी पातळ थापली. तव्यावर एक बाजू झाली, दुसरी झाली. आता आमच्याकडे भाकरी तव्यावर संपत नाही. शेवटी ती चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांना टेकवून उभी करतात, मग ती फुगते. न फुगलेली भाकरी मी आजवर पाहुण्याच्या ताटात वाढलेली नाही. समोर दार होतं, आत निखारे होते. मी विचार केलाच नाही. दार उघडलं आणि भाकरी आत उभी केली.

चूल ऐसपैस असते. ही पेटी बुटाच्या खोक्याएवढी. भाकरी आत गेली, टम्म फुगली आणि नळीच्या तोंडाला जाऊन बसली. नळी हवा ओढते, तिने भाकरीही ओढली. मी चिमट्याने खेचली तर अर्धीच हातात आली. दार लावलं, तर धूर सांध्यांतून यायला लागला.

तर आम्ही आत असे अडकलो.

"काकू," नीलेश ओरडला, "विळा आणा. टेंट कापा."

बाहेर पावलं वाजली. "कुठून कापू?"

"शिवणीवर कापा काकू, शिवणीवर. टेंट नवा आहे."

"मले बाहीरून शिवण काय दिसून राह्यली? तू आत हायेस, तू सांग."

"मला माझा हात दिसत नाही."

"मंग गुमान बस."

विळ्याचं टोक माझ्या कानाजवळून आत आलं आणि सरळ खाली गेलं. कमलबाईंनी टेंट वरपासून खालपर्यंत एका दमात उघडला, फणस उघडावा तसा. आधी धूर बाहेर गेला, मग नीलेश. मग मी, पदराचा फाटका तुकडा झिपमध्ये सोडून. शेवटी गुरुजी. त्यांची पाठ पिठाने पांढरी झाली होती.

"जित्ते हायेत का समदे?" कमलबाईंनी विचारलं.

"आहोत."

"मंग मी गवत कापतो," त्या म्हणाल्या आणि गेल्या. आमच्याकडे बायाही कधी कधी 'कापतो'च म्हणतात.

गुरुजींनी माझ्या चिमट्यातली अर्धी भाकरी घेतली आणि बांधावर बसून खाल्ली. "भाजली चांगली आहे," ते म्हणाले.

नीलेश फाटलेल्या टेंटकडे पाहत होता. मी त्याच्याकडे पाहत होते.

"रिजेक्ट?" मी विचारलं.

त्याने स्टोव्ह थंड होऊ दिला. मग त्याच्या दाराला डोळा लावला आणि नळीतली भाकरी काडीने काढली.

"स्टोव्हचा दोष नाही," तो म्हणाला. "यात कोणी भाकरी उभी करेल, हे बनवणाऱ्याला वाटलं नसेल."

"अन् खिडकी?"

"ती माझी चूक."

त्याने गुरुजींच्या जुन्या सायकलच्या चाकातल्या दोन तारा वाकवल्या आणि नळीच्या तोंडाखाली आडव्या बसवल्या. आता भाकरीच काय, लिंबूही वर जाणार नाही. मी कबूल केलं की भाकरी तव्यावरच फडक्याने दाबून फुगवीन, आणि दार फक्त लाकूड घालायला उघडीन. गुरुजींनी त्यांची अट घातली. जाळ आहे तोवर खिडकी उघडी, आणि झोपायच्या आधी जाळ विझवायचा. दुसरी ट्रायल त्याच टेंटमध्ये घेतली, म्हणजे जवळजवळ बाहेरच. भाकरी अर्धीमुर्धी फुगली. नीलेश म्हणाला, "पास."

कमलबाई म्हणाल्या, "मीबी येतो. ह्यायच्यासोबत एक तरी शहाणं माणूस लागते." विळा त्यांनी साड्यांच्या घडीत ठेवून आणला.

हिमाचलला स्टोव्ह चालला. सारखी लाकडं खातो, पहाटे टेंट थंडगार असतो, पण धूर करत नाही. गुरुजी रोज म्हणायचे की भाकरी चपटी आहे. पाकिटं नीलेशने एकट्याने खाल्ली, वाया जाऊ नयेत म्हणून. पुढच्या टूरच्या यादीत त्याने माझं नाव न विचारता घातलं.

कोणी मला विचारलं की टेंटसाठी कोणता स्टोव्ह घ्यावा, तर मी सांगते, वजन शेवटी पाहा. आधी तुम्हाला त्यात काय घालायची सवय आहे ते पाहा. आणि बाहेर विळा घेऊन कोण उभं आहे तेही.

त्या दुपारी टेंटमध्ये मी होते, नीलेश होता आणि वानखडे गुरुजी होते. तिघेही वाचलो.