जमीर मिस्त्रीची उघडी जाळी

नेरच्या कापूस मार्केटसमोर जमीर मिस्त्रीचं दुकान होतं. त्याचं नाव दुरुस्तीपेक्षा नकारासाठीच जास्त. मोटारसायकलला जादा ताकदीचं काही बसवून द्या म्हटलं, की हातातला पाना खाली न ठेवता तो सांगायचा, "कंपनीनं देल्लं तेवढं पुरे हाय." त्याचा बाप रहमत मिस्त्री जन्मभर हेच सांगत आला होता.

२००५ साली कापसाचे भाव पडले आणि मार्केटसोबत दुकानही ओस पडलं. लोक ऑईल बदलायलाही येईनात. अशात नागपूरच्या एका विक्रेत्यानं लालभडक एअर फिल्टरांचं खोकं आणून ठेवलं. कंपनीचा फिल्टरचा बंद डबा काढायचा, ही उघडी जाळी लावायची, की गाडीचा पिकअप दीडपट! जमीरला ते पटलं नव्हतं. पण रिकामं बसून बसून माणसाच्या अकलेलाही गंज चढतो. त्यानं खोकं ठेवून घेतलं.

पहिला सापडला मारोती. हा जिनिंग कारखान्याच्या वजनकाट्यावरचा मापारी, साधा माणूस. त्याची बायको चंदाबाई तिथेच कापूस निवडायची. ती गुडघ्यानं अधू, म्हणून दोघं रोज गावाहून एकाच गाडीवर यायचे. मारोतीनं जाळी उलटसुलट करून पाहिली.

"खरंच कामाची हाय का, जमीरभाऊ? तू म्हनशीन तर घेतो."

"घे," जमीर म्हणाला.

दरवर्षी दिवाळीनंतर जिनिंगकडच्या गाड्यांच्या डब्यांतून मूठमूठ रुई जमीरनंच उपसलेली. जिथे हवेत रुई आणि धुरळा उडतो, तिथे डबा काढणं हा शुद्ध गाढवपणा, हे त्याच्याइतकं नेरात कोणाला ठाऊक होतं? तरी तो 'घे' म्हणाला.

महिन्याभरात गाडी धूर ओकत परत आली. जाळी रुईनं चोंदून एका कडेला फाटली होती आणि आत गेलेल्या धुळीनं सिलिंडरला चरे पडले होते. जमीर काही बोलायच्या आत मारोतीच ओशाळून म्हणाला, की आपण नवरा-बायको दोघं बसतो, वर पिशव्या लादतो, वजनानंच बिघडली असेल. जमीरला आयतीच पळवाट मिळाली. त्यानं मान हलवली, "हो, वजनानंच." गाडी दुरुस्त केली, जुना डबा परत बसवला आणि सुटलो म्हणून हात धुतले.

पुढे दोनेक महिन्यांनी भर उन्हात चंदाबाई दुकानासमोरून लंगडत जाताना दिसली. गाडी कुठे आहे, म्हणून त्यानं विचारलं.

"गाडी हाय ना भाऊ. पन तुमीच सांगतलं न, वजन झेपत नाही म्हून. ते येतात गाडीवर, मी पायीच बरी."

जमीरला मान वर करवेना. गावापासून इथवर चांगलं कोसभर अंतर. त्या दिवशी त्याच्या हातून एकही बोल्ट धड बसला नाही. आपल्या कातडीची त्याला किळस आली.

संध्याकाळी तो स्वतः काट्यावर गेला आणि चार हमालांदेखत सगळं बोलला: जाळीचं, रुईचं, आपल्या खोटेपणाचं. मारोती शिव्या देईल, गचांडी धरेल, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

मारोतीनं काट्यावरचं वजन उचलून खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "मंग दोन महिने माही बायको पायी काहून चालली, जमीरभाऊ?"