मालनबाईंची चौकशी

सोयरिक जुळवताना चौकशी कशी करावी, हे मालनबाईंना कुणी शिकवायला नको. भावसिंगपुऱ्यात घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं बौद्ध वधू-वर केंद्र आहे. स्थळ आलं की बाई आधी मुलाच्या घरी जात नाहीत. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानात जातात, मग घरमालकाकडे, मग कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनकडे. 'वाळूजच्या कंपनीत परमनंट आहे' म्हणणारे तीन नवरदेव ठेकेदाराकडचे निघाले, ते अशाच वॉचमनांच्या कृपेनं.

मार्चात संध्या आली. खाजगी दवाखान्यात नर्स, फारकत होऊन दोन वर्षं झालेली. नवरा मारायचा आणि फारकतीनंतरही तिला शोधत फिरायचा, म्हणून तिनं घर बदललं, नंबर बदलला. बायोडाटा हातात देताना ती म्हणाली, "मावशी, हे त्याच्यापर्यंत नाय गेलं पाहिजे. तेवढं बघा."

"माझ्यावर सोड," मालनबाई म्हणाल्या.

शब्द दिला म्हणजे दिला. त्यांच्या लॅपटॉपमध्ये सहाशे बायोडाटे होते आणि वधू-वर मेळाव्याच्या दिवशी बाई खुशाल हॉलचं वायफाय वापरायच्या. भावाचा मुलगा अभय कॉम्प्युटरच्या कामात आहे, त्याला त्यांनी विचारलं. "आत्या, व्हीपीएन घ्या," तो म्हणाला. "तुमची माहिती बंद नळीतून जाती, हॉलवाल्याला दिसत नाय. पण नळी ज्याची, त्याला तुम्ही कुठं जाता-येता ते कळतं. तवा माणूस बघून घ्या."

'माणूस बघून घ्या' ऐकल्यावर बाईंना चेवच आला.

व्हीपीएनचं पहिलं स्थळ फुकटचं होतं. लाखो लोकांनी घेतलेलं, खाली कौतुकच कौतुक. बाईंनी विचारलं, "फुकट देतंय, तर खातंय काय?" अभयनं बारीक अक्षरातल्या अटी वाचल्या. गिऱ्हाईक कुठं कुठं फिरतं, ते जाहिरातवाल्यांना विकलं जात होतं. बाईंनी ते तिथंच उडवलं. दुसऱ्यानं मालकाचं नावच दिलं नव्हतं, पत्ता म्हणून नुसता पोस्टाच्या पेटीचा नंबर. आई-बाप न सांगणारं स्थळ बाई उंबऱ्याच्या आत घेत नसत. तिसरं एका साइटच्या यादीत पहिलं होतं, पण यादी छापणारा आणि कंपनीचा मालक एकच निघाला. "म्हणजे मुलाचा मामाच मुलाला सर्टिफिकेट देतोय व्हय!" म्हणून बाई इतक्या हसल्या की बशीतला चहा सांडला.

चौथं मात्र पटलं. मालकाचं नाव-गाव उघड होतं. गिऱ्हाइकाच्या नोंदी ठेवत नाही असं ते नुसतं म्हणत नव्हते, दर वर्षी बाहेरच्या तपासनिसांकडून तपासून घेऊन अहवाल छापत होते. एकदा कोर्टानं माहिती मागितली, तर त्यांच्याकडं द्यायला काही निघालंच नाही, हेही अभयनं शोधून काढलं. दोन आठवड्यांची चौकशी संपली, बाईंनी वर्षाचे पैसे भरले आणि लेक चांगल्या घरी दिल्यासारख्या निवांत झाल्या.

नको तितक्या निवांत झाल्या, हे सांगायला पाहिजे. मे महिन्यात जालन्याच्या मेळाव्याआधी त्यांनी व्हीपीएन सुरू केला, हिरवा दिवा लागलेला दोनदा बघितला आणि नेहमीप्रमाणे नवे बायोडाटे समाजाच्या अकरा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सोडले. त्यात संध्याचाही होता, फोटो आणि नंबरासकट. नळी बंद आहे, मग भीती कसली?

चार दिवसांनी अभय आला आणि ते बघून त्यानं कपाळाला हात लावला. "आत्या, व्हीपीएन वाटेत झाकतो. ग्रुपात ज्यांनी उघडून बघितलं, त्यांच्यापासून काय झाकणार?"

मालनबाईंनी ग्रुपांतली नावं वाचायला घेतली. परदेशातल्या कंपनीची त्यांनी कुंडली काढली होती, पण आपल्या ग्रुपात कोण कोण बसलंय हे कधी बघितलं नव्हतं. सातव्या ग्रुपात गीताबाई सापडल्या. संध्याच्या आधीच्या नवऱ्याची सख्खी मावशी. बाईंनी लगेच बायोडाटा पुसायला घेतला, पण पुसायची मुदत उलटून गेली होती.

त्या रिक्षा करून तडक संध्याच्या खोलीवर गेल्या. ती नुकतीच ड्युटीवरून आली होती. चहा नको म्हणून सांगत मालनबाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. गीताबाईंचं नाव घेताना त्यांना रडू आलं.

संध्या म्हणाली, "त्याचा परवा फोन आला होता. म्हणं, तुझ्या मालनबाईनंच पाठवलंय. मी म्हणलं, खोटं बोलतो तू. मालनबाई तसं करणार नाय."