सही आबांची, भाव सखूबाईंचा

"ह्ये कागद तुमीच दळा आन् तुमीच खावा!" असं म्हणून सखूबाईंनी माझ्या टेबलावर कूपनांची चळत आपटली.

सखूबाई आमच्या ग्रामपंचायतीच्या झाडूवाल्या. मी ग्रामसेविका, म्हणजे पंचायतीचा सरकारी कारभार बघणारी. गाव वडगाव रासाईच्या अंगाला, भीमेकाठी. नाव सांगत नाही. माणसं अजून जिवंत आहेत, आणि मीही. काळ नव्वदीचा.

घरपट्टी म्हणजे घरावरचा कर. त्यातून झाडूवाल्यांचा पगार, दिवाबत्ती, पाण्याच्या पंपाचं बिल निघायचं. पण निवडणूक जवळ आली, आणि आमचे सरपंच आबा घरपट्टी मागेनात. बंगलेवाल्यांकडून तर मुळीच नाही. तिजोरीत खडखडाट. आबांनी तोड काढली: शिरूरच्या छापखान्यातून दहा रुपयांची कूपनं छापायची, पगार त्यात द्यायचा, गावातल्या दुकानांनी ती घ्यायची. कल्पना त्यांची, पण तिला 'लोकसहभाग' हे नाव माझं. अर्थशास्त्रात बी.ए. होते ना! कडक इस्त्रीची साडी नेसून आबांच्या सहीखाली शिक्के मारताना मी स्वतःला टांकसाळीची मालकीण समजत होते. बावळट!

सुरुवातीला चाललं. मग आबांना चटक लागली. गटार काढायचंय? छापा. मंडप घालायचाय? छापा. कूपनं वाढत गेली, वाण्याकडची साखर तेवढीच. त्यानं दोन भाव लावले, रोखीचा एक आणि कूपनाचा दुप्पट. आलेली कूपनं मजुरी म्हणून आपल्या हमालांच्या गळ्यात मारली आणि पुढं घेणंच बंद केलं. आणि त्या दिवशी गिरणीवाल्यानं सखूबाईंना ज्वारीच्या पाटीसकट परत पाठवलं. गिरणी कुणाची? आबांची.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच उठून आबांकडं गेले.

"आबा, तुमचीच गिरणी तुमचं कूपन घेत नाही?"

"मॅडम, पंचायत येगळी, धंदा येगळा."

"मग घरपट्टी मागा."

"आन् मतं तुमी देनार व्हय? छापा की अजून!"

परत आले आणि शिक्का कपाटात कोंडला.

निवडणुकीचा फॉर्म भरायला पंचायतीची थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. तो माझ्या सहीनं मिळायचा. आबा आलेच.

"घरपट्टी भरा, आबा."

"ती माफ हाय."

"माफ नाही. मागितली नव्हती."

आबा मिशीत हसले. "मंग कूपनात भरतो. पंचायतीचंच हाय, न्हाई कसं म्हनशाल?"

"भरा की."

कूपनं अर्ध्या भावात गोळा करायची, हा त्यांचा हिशोब. पण ती होती फक्त झाडूवाल्यांच्या नि हमालांच्या घरी. आणि बाकीच्या उमेदवारांनाही हाच हिशोब सुचला होता. सगळे सखूबाईंच्या दारात! मीही मुद्दाम तिथून गेले. ही मजा कोण सोडणार?

"सखू, धाच्या कूपनाला पाच देतो," आबा म्हणाले.

"धा लिवलंय त्यावर. सही कुनाची हाय, आबा?"

"अगं, वाणी इचारत न्हाई त्याला!"

"मंग ऱ्हाऊ द्या. ह्ये दुसरं पावनं हुबंच हायती."

आबांनी दहाला दहा मोजले. रोख. सखूबाई तडक गिरणीत गेल्या.

इथं थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण पंचायतीला काय मिळालं? स्वतःचेच कागद! वीजमंडळाला ते चालेनात. पंपाची लाईन तोडली. आबांच्या बंगल्यात बोअर होती, त्यांना झळ नाही; वर ते निवडूनही आले. सखूबाई हंडा घेऊन नदीवर.

कागदाला किंमत शाईनं येत नाही, कर वसूल करण्याच्या धमकेनं येते. ज्याच्याकडून मागायचं त्याला भ्यायचं आणि छापलेलं गरिबाच्या पदरात टाकायचं, याला माझ्या बी.ए.च्या पुस्तकात भलंमोठं नाव होतं. मी चोरी म्हणते.

नात पटावरचा व्यापार खेळताना हरायला लागली की वहीच्या कागदाच्या नोटा करते. मी आधी तिची घरपट्टी वसूल करते. रडली तरी.