उभ्या अण्णांचे झिंगे

उभ्या अण्णांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कर्नाटकातल्या आमच्या आळंदला त्यांचं खरं नाव फक्त रेशनकार्डावर होतं. चहा उभ्यानं, जेवण दाराच्या चौकटीला टेकून, मयताच्या घरीसुद्धा भिंतीला पाठ लावून उभे. त्यांची बायको, आमची वैनी, पाट मांडायची आणि तसाच उचलून ठेवायची. "बसलं की खालची जमीन हलत न्हाई रे, त्यानंच मला गरगरतंय," म्हणायचे. सारी उमर जहाजावर खलाशी म्हणून गेलेली. म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी ते कायमचे गावी आले म्हणे. पण जहाजावर न्यायची पत्र्याची पेटी त्यांनी दाराजवळच ठेवली. आत नेऊ दिली नाही.

वैनीला त्या पेटीची भीती. लग्न झाल्यापासून ती किती वेळा उचलली गेली, ते तिलाच ठाऊक.

मग एकदा अण्णांनी काचेचा हौद करून घेतला. त्यात समुद्राचं पाणी आणि पाण्यात झिंगे. खायचे नव्हेत, बघायचे. पाठ लालभडक, मधून पांढरा पट्टा, मिशा पांढऱ्या दोऱ्यासारख्या. पाणी मी आणायचो. माझी लॉरी तुरीची डाळ घेऊन मुंबईला जायची, येताना कॅन भरून समुद्र. बाजारातले हसायचे, "काय ड्रायवरसाब, मीठ महागलंय व्हय?" हसू देत. डाळ कुणीही नेतं. आळंदला समुद्र मीच आणला.

अण्णांचं म्हणणं एकच. "ह्यास्नी एकटं ठिवायचं न्हाई. एकटं झिंगं कोपरा धरतंय, मिशीबी बाहेर काढत न्हाई. चार असले की धीट होत्यात." खरंच होतं ते. अण्णांनी हात बुडवला की ती लाल टोळी हातावर चढून नखं साफ करायची. एकदा मुंबईच्या शोभेच्या माशांच्या दुकानदारानं लांब नांग्यांचे, पट्ट्यापट्ट्यांचे तीन दिले. सकाळी तिसऱ्याच्या नुसत्या नांग्या उरल्या. अण्णा म्हणाले, "ह्या जातीला जोडी पुरे. जहाजावरबी असले गडी असायचे."

उन्हाळ्यात हौदाचं पाणी खाली जायचं. मी म्हणालो, कॅनमधलंच ओता की. "येडा हायस. पाणी उडतंय, मीठ उडत न्हाई. विहिरीचं गोडं घाल." वैनीनं काचेवर कुंकवाची रेघ ओढली होती, तिथवर घालायचं. लाईट गेली की अण्णा सायकलच्या पंपाला नळी लावून पाण्यात हवा मारत. उभ्यानंच.

एकदा मी बोलून गेलो, पुढच्या खेपेला पाणी जमायचं न्हाई. वैनी लॉरीपर्यंत आली. "भावजी, पाणी चुकवू नका. ते झिंगे जिते हायती तोवर ती पेटी जागची हलत न्हाई." त्यानंतर मी खेप चुकवली नाही.

घात झाला येळवशीला. त्या अमावास्येला आमच्याकडे गाव ओस पडतं, सगळे शेतात ताक-ज्वारीची आंबील आणि मिसळ भाज्यांची भज्जी खायला. शेताला, विहिरीला, बैलाला, सगळ्यांना आंबील द्यायची. निघताना वैनीनं हौदातही पळीभर सोडली. संध्याकाळी येऊन बघतो तर पाणी ताकासारखं पांढरं आणि झिंगे आडवे.

"काय घातलीस ह्यात?" अण्णांनी विचारलं.

"घरातल्या जिवाला निवद न्हाई दावायचा व्हय?" वैनी एवढंच बोलली.

अण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हौदाभोवती फिरत राहिले आणि फिरता फिरता पेटीपाशी थांबले. दुसऱ्या दिवशी पेटीसकट माझ्या लॉरीत मागं चढले, डाळीच्या पोत्यांना टेकून उभेच. वैनीनं भाकरी बांधून दिली. "जायलाव तर जावा," म्हणाली, "पण काचंतनं बघितल्यागत मला बघू नका."

मुंबईला मी नेहमीसारखे कॅन भरायला लागलो.

"कामून भरायलास? घरी काय उरलंय आता?"

"तुम्ही तुमचं बघा अण्णा. मी माझं बघतो."

ते पेटी खांद्यावर घेऊन गोदीकडे गेले. वळून पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही. जाणाऱ्याला हाक मारायची माझी रीत नाही.

ते कॅन मी वैनीच्या दारात उतरवले. तिनं हौद घासला, वाळू धुतली, पाणी भरलं. मग एक दिवस म्हणाली, "झिंगे आणा भावजी. एकटं आणू नका." पिशवी गोधडीत गुंडाळून, घाटात ब्रेक जपून मारत मी आणले. वैनी रेघेपर्यंत गोडं पाणी घालायची, लाईट गेली की पंप मारायची. तीही उभ्यानंच.

पुढच्या साली तूर काढायच्या दिवसांत अण्णा आले. खांद्यावर तीच पेटी. दारातूनच त्यांनी हौदाकडे पाहिलं. माणसाची सावली पडली तशी लाल टोळी काचेशी आली होती.

"गोडं घातलीस?"

"घातले. तुम्ही बसा आधी."

अण्णा बसले. मी स्वतः पाहिलं, कुणी मला खोटं पाडू नये. पण पाटावर नाही. पेटी दाराजवळ ठेवली आणि तिच्यावरच टेकले. पुढं मरेपर्यंत त्यांची जागा तीच राहिली.

त्यांच्यामागंही वैनीनं पेटी आत नेली नाही. आणि मी खेप चुकवली नाही.