सावलीच्या बाजूचा बोंबील

माझी मावसबहीण त्या हिवाळ्यात चिंचणीला घरी आली, तेव्हा तिचं एक मोठं गणित चालू होतं. ते चाले दूरच्या संस्थेतल्या यंत्रावर; ती ओटीवर लॅपटॉप घेऊन त्याची प्रगती पाहत बसे. समोर अंगणात मावशीचे बोंबील वाळत असत. बांबूच्या वलांडीला ताणून बांधलेल्या दोऱ्या, आणि त्यांवर जबड्यात जबडा अडकवून टाकलेल्या जोड्या.

तिचा विषय अतिवाहक पदार्थ. काही पदार्थ पुरेसे थंड केले की त्यांतून वीज विनाविरोध वाहते. अणूंची मांडणी सतत थरथरत असते, आणि एरवी एकमेकांना दूर लोटणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या त्या थरथरीमुळे जमतात. ही पकड किती घट्ट, हे ती काढत होती. प्रयोगातलं मोजमाप हाताशी न घेता, कोणते अणू कुठे बसलेत एवढ्यावरून सुरुवात करायची आणि बाकी समीकरणांतून मिळवायचं. मी वर्तमानपत्रात विज्ञानाच्या बातम्या लिहितो; मी वलांडीवरच्या जोड्यांकडे बोट दाखवलं. बातमीत तसं लिहू नकोस, ती म्हणाली, इलेक्ट्रॉन इतके जवळ नसतात.

बातमीचं कारण होतं. तिचा पदार्थ अपेक्षेपेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला अतिवाहक होईल, असं गणित सांगत होतं. तिचे मार्गदर्शक शोधनिबंध छापायला पाठवायला तयार होते. तिची फेलोशिप संपत आली होती आणि पुढची नेमणूक या निबंधावर अडली होती. माझा मथळाही तयार होता.

तिने थांबायला सांगितलं. थरथरीचे प्रकार असंख्य. त्यांतले ठरावीक अंतरावरचे निवडून मोजतात आणि मधले त्यांवरून भरून काढतात. आलेखातली एक रेघ अशाच न मोजलेल्या जागी किंचित खाली वाकली होती. एवढं सगळेच सोडून देतात, असं मार्गदर्शकांनी फोनवर सांगितलं. तिने फोन ठेवला आणि मधल्या जागा मोजणारं गणित यंत्राला लावलं.

त्याच आठवड्यात तलासरीच्या बाजारात बसणारा एक व्यापारी टेम्पो घेऊन आला.

"मावशी, कडकडीत झालेत. भरू?"

"तू वरचे बघतोस. मी भिंतीकडचे बघते." मावशीने सावलीतल्या दोरीवरचा एक बोंबील काढून वाकवला. तो मोडला नाही, नुसता वाकला. व्यापारी डिझेलच्या नावाने कुरकुरत रिकामा परतला. बहिणीने मान वर केली नाही, पण ती हसत होती.

गणित सकाळी संपलं तेव्हा मी तिथेच होतो. त्या जागी थरथरीचा आकडा उणे छापून आला होता. याचा अर्थ तिने सांगितला: अणूंना त्या मांडणीत राहायचंच नाही, जरा ढकललं की ते सरकतील. ज्या पदार्थावर निबंध उभा होता, तो तसा टिकणार नव्हता.

"एवढे दिवस यंत्र तापवलंस, आणि आलं काय, तर उणे," मावशी म्हणाली.

"उणे आलं म्हणून तर कळलं, आई."

दुपारी तिने मार्गदर्शकांना फोन लावला. अणू सरकल्यावर जी मांडणी होईल तिचं गणित करायला किती दिवस लागतील, असं त्यांनी विचारलं. तिने ते सकाळीच लावलं होतं.

नव्या मांडणीतलं तापमान पहिल्यापेक्षा बरंच खाली आलं. ती मांडणी मात्र टिकणारी निघाली. निबंध त्या आकड्यासह गेला आहे. नेमणुकीचं अजून काही कळलेलं नाही. मी मथळा काढून टाकला. पहिली मांडणी टिकत नाही, हे तिने निबंधाच्या पहिल्याच वाक्यात लिहिलं आहे.